पायाचे काम : डॉ. कमल रणदिवे यांचे जीवन आणि संशोधन

साठ वर्षांपूर्वी आपल्या शाळेचे पहिले वर्ग भरू लागले, त्या सुमारास मुंबईच्या परळ भागातील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी एका मराठी विदुषीकडे आली होती. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी ती सांभाळली. त्या डॉ. कमल जयसिंग रणदिवे. पेशीविज्ञान, कर्करोग आणि कुष्ठरोग या तिन्ही क्षेत्रांतील जाणकार त्यांचे नाव आदराने घेतात. मात्र आपल्या घरांतून ते म्हणावे तितके परिचित नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी, गूगलच्या पानावर त्यांचे चित्र झळकले. त्या दिवशी अनेक मुलांनी या बाई कोण, असे आईवडिलांना विचारले असेल आणि पुष्कळ आईवडिलांना त्याचे उत्तर ठाऊक नसेल. हीरकमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र सादर करण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

शास्त्रज्ञांच्या चरित्रांत बहुधा एखादा तेजस्वी क्षण असतो. वाचकही त्याचीच वाट पाहत असतो. कमलताईंच्या चरित्रात असा एकच क्षण बोट ठेवून दाखविता येत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांना हवी होती, ती शोधण्याची साधनेच देशात नव्हती. म्हणून त्यांनी आधी साधने उभी केली : जिवंत पेशी वाढविणारी प्रयोगशाळा, प्रयोगांस योग्य असे उंदरांचे वंश, आणि ही कामे पुढे नेणारी माणसे. त्या पायावर पुढे अनेकांनी इमारती चढविल्या. पाया जमिनीखाली असतो, म्हणून तो दिसत नाही. पण त्याचे मोल इमारतीहून कमी नसते. त्यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यास उत्तम शिक्षण मिळालेच पाहिजे, यावर वडिलांचा कटाक्ष होता. ज्या काळात मुलीचे शिक्षण लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा मानला जाई, त्या काळात हा आग्रह साधा नव्हता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींनी सुरू केलेली ही मुलींची शाळा. तिला तेव्हा किती विरोध झाला, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. त्या विरोधास न जुमानता शाळा टिकली, आणि सुमारे चार दशकांनी तिच्या वर्गात ही विद्यार्थिनी येऊन बसली.

मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही बाबतींत वेगळा मार्ग निवडला. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या. १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला. ते डॉक्टर नव्हते, गणितज्ञ होते. आणि पत्नीच्या पदव्युत्तर अभ्यासात त्यांनी मनापासून साहाय्य केले. संसार आणि संशोधन ही दोन चाके पुढे अनेक वर्षे बरोबरीने चालली, यात या साहचर्याचा वाटा मोठा आहे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्‌सी. पदवी मिळविली. अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकशास्त्र. सीताफळ आणि रामफळ आपण चवीने ओळखतो. पेशीशास्त्रज्ञ त्यांना गुणसूत्रांवरून ओळखतो. वाढत्या मुळाचे टोक किंवा कळीतील परागकोश घ्यायचा, तो विशिष्ट द्रावणात स्थिर करायचा, रंगवायचा, आणि विभाजनाच्या नेमक्या क्षणी गोठलेल्या पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, असे या कामाचे स्वरूप असे. सीताफळाच्या पेशीत ती चौदा असतात. काम बारीक आणि डोळ्यांस थकविणारे. मानवी पेशीत गुणसूत्रे किती, याविषयीसुद्धा त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत अठ्ठेचाळीस हा चुकीचा आकडा होता. शेहेचाळीस हा खरा आकडा १९५६ साली निश्चित झाला. नजर स्थिर ठेवून, घाई न करता, दिसते तेवढेच लिहायचे, ही शिस्त कमलताईंच्या हाताला आणि डोळ्याला या वनस्पतींनी लावली.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. कर्करोगासाठीच उभारलेले असे रुग्णालय ही तेव्हा आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. कर्करोग हा शब्दच लोक दबक्या आवाजात उच्चारीत. रुग्ण फार उशिरा येत आणि निदान झाले म्हणजे सारे संपले अशी समजूत असे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. ते विकृतिशास्त्राचे मोठे अभ्यासक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एखादा कर्करोग एखाद्या जमातीत वा प्रांतात अधिक का आढळतो, तंबाखू चघळण्यासारख्या सवयींचा त्याच्याशी काय संबंध, असे प्रश्न ते विचारीत. रोगाचा विचार केवळ शवविच्छेदनाच्या टेबलावर न करता जिवंत शरीरात आणि जिवंत समाजात करावा, ही त्यांची दृष्टी होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. सीताफळाच्या पेशींकडून त्या कर्करोगाच्या पेशींकडे वळल्या, त्या कायमच्या.

पीएच.डी.नंतर त्यांना अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तेथे डॉ. जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. प्राण्याच्या वा माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत जगवायच्या आणि वाढवायच्या, हे गाय यांचे जीवितकार्य होते. नळ्या संथपणे फिरणाऱ्या पिंपात बसवून पेशींना आलटून पालटून पोषक द्रव आणि हवा मिळेल, अशी युक्ती त्यांनी बसविली होती. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी प्रथमच अखंड वाढत राहिल्या. ‘हेला’ या नावाने त्या आज जगभर आहेत. त्या स्त्रीची संमती मात्र कोणी घेतली नव्हती; विज्ञानाच्या इतिहासातील ती एक बोचरी नोंद आहे.

ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात करून कमलताई मायदेशी परतल्या. अशा वेळी परदेशी राहून सुसज्ज प्रयोगशाळेत काम करण्याचा मोह कोणासही व्हावा. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या ज्येष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या, आणि तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ही आपल्या प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

आज अशी प्रयोगशाळा उभारावयाची तर पोषक द्रावणांच्या बाटल्या मागविता येतात. त्या काळी तशी सोय नव्हती. पेशींना जगण्यासाठी योग्य क्षार, साखर, अमिनो आम्ले, रक्तद्रवातील पोषक घटक आणि सदतीस अंश सेल्सिअस एवढी ऊब लागते; द्रावणाची आम्लता थोडी जरी बिघडली तरी त्या मरतात. हवेतील एखादा जिवाणू वा बुरशीचा कण नळीत शिरला, की काही तासांत सारी मेहनत वाया जाते. मुंबईच्या दमट हवेत हे सांभाळणे किती अवघड, याची कल्पना स्वयंपाकघरात पावसाळ्यात भाकरीवर येणारी बुरशी पाहणाऱ्या कोणासही येईल. कमलताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पोषक माध्यमे व त्यास लागणारी द्रव्ये येथेच तयार करण्याचे काम हाती घेतले. शोधनिबंधांच्या यादीत अशा कामास फारशी जागा मिळत नाही. परंतु त्याशिवाय पुढचा एकही निबंध लिहिला गेला नसता.

दुसरे साधन होते उंदीर. माणसावर जे प्रयोग करता येत नाहीत, ते उंदरावर करता येतात. पण त्यासाठी कोणताही उंदीर चालत नाही. सख्ख्या भावंडांचा संकर निदान वीस पिढ्या करीत गेले, म्हणजे एकमेकांसारखे, जवळजवळ जुळ्यांसारखे उंदीर असलेला शुद्ध वंश तयार होतो. उंदराची एक पिढी सुमारे तीन महिन्यांची धरली तरी हे पाच वर्षांचे काम झाले, आणि त्या काळात एकही नोंद चुकून चालत नाही. ज्या वंशातील माद्यांना स्तनाचा कर्करोग आपोआप होतो, असा एक वंश परळच्या केंद्रात सिद्ध झाला. तो केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आय.सी.आर.सी.’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कमलताईंच्या स्तनकर्करोगावरील संशोधनाचा तो कणा ठरला.

या संशोधनात कोणता प्रश्न पणाला लागला होता, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण त्यात आजच्या प्रतिकारशास्त्राचे एक मोठे कोडे दडलेले आहे. १९३६ साली जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, कर्करोगप्रवण वंशातील पिल्लू जन्मतःच दुसऱ्या वंशाच्या मादीच्या अंगावर वाढविले, तर मोठेपणी त्यास कर्करोग होण्याचे प्रमाण पुष्कळच घटते. म्हणजे रोगाचे मूळ केवळ रक्तात नव्हते. ते आईच्या दुधातून येत होते. दुधातील तो घटक म्हणजे एक विषाणू, हे पुढे सिद्ध झाले. पिल्लू तो दुधाबरोबर पिते, आणि मग कित्येक महिने काही घडत नाही. शरीर त्या विषाणूस परका म्हणून हुसकून का लावीत नाही?

याच काळात जगात दुसरीकडे या प्रश्नाची पूर्वतयारी होत होती. १९४५ साली रे ओवेन यांना असे आढळले की, गर्भाशयात ज्यांचे रक्त एकमेकांत मिसळलेले असते अशी जुळी वासरे मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी बाळगून असतात. त्यांची शरीरे त्या पेशींना परक्या मानीत नाहीत. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्यावरून तर्क केला की, आपले कोण आणि परके कोण, हे शरीर जन्मसमयीच्या आसपास शिकते. इंग्लंडमध्ये पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या पेशी टोचल्या. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांनी त्या दुसऱ्या वंशाची त्वचा बिनतक्रार स्वीकारली. यालाच प्रतिकारसहिष्णुता म्हणतात. १९६० सालचे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना त्याबद्दल मिळाले. हा विषय आजही जुना झालेला नाही. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिकही मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना सहिष्णुता राखणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दलच देण्यात आले.

परळच्या उंदरांत हा प्रश्न नैसर्गिक रूपात उभा होता. जन्मानंतर पहिल्याच दिवसांत घरात शिरलेला पाहुणा घरचाच होऊन बसावा, तसा हा विषाणू पिल्लाच्या शरीरात ठाण मांडून राहतो. मात्र विषाणू असणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. एकाच वंशातील सर्व माद्यांना, किंवा एकाच वयात, रोग होत नाही. कमलताईंनी आपले लक्ष येथे केंद्रित केले. प्राण्याची आनुवंशिक प्रवणता, त्याच्या शरीरातील संप्रेरके आणि हा विषाणू, या तिघांचा परस्परसंबंध त्यांनी पुष्कळ वर्षे तपासला, आणि कर्करोग हा यांपैकी एकट्याचा खेळ नसून त्यांच्या संगनमताचा परिणाम असतो, हे आपल्या प्रयोगांतून पुढे आणले.

संप्रेरके म्हणजे रक्तातून फिरणारे निरोपे. एका ग्रंथीने निरोप पाठवायचा, दूरच्या पेशीने आपल्यावरील वा आतील ग्राही रेणूच्या द्वारे तो घ्यायचा, आणि त्यानुसार वाढायचे, थांबायचे किंवा दूध तयार करायचे. पेशी पेशींशी बोलतात असे आज आपण सहज म्हणतो. त्या बोलण्याचा रासायनिक तपशील कमलताईंच्या उमेदीच्या काळात अज्ञात होता. तरीही ज्या संबंधाचा माग त्या काढीत होत्या, त्याचा अर्थ पुढे रेणूंच्या पातळीवर उलगडला. या विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यातच एक असा भाग आहे की, स्टेरॉइड संप्रेरकाचा निरोप येताच विषाणूचे काम वेगाने सुरू होते. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात संप्रेरके वाढतात, नेमका तेव्हाच विषाणूही दुधात उतरतो आणि पुढच्या पिढीत जातो. तसेच, आतड्यातून शिरलेला हा विषाणू प्रतिकारपेशींनाच हाताशी धरून स्तनापर्यंत पोहोचतो, हेही १९९०च्या दशकात स्पष्ट झाले. शरीराचे रखवालदारच त्याचे वाहन होतात.

शरीराने शत्रूस न ओळखण्याचा दुसरा आणि अधिक हृदयद्रावक प्रकार म्हणजे कुष्ठरोग. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जिवाणू पाहिला, पण तो प्रयोगशाळेतील माध्यमात कोणालाही वाढविता येईना. जिवाणू वाढल्याविना लस तयार करणे दुरापास्त. त्यातच या रोगाचे दोन टोकांचे प्रकार आहेत. एका टोकास शरीर जिवाणूंशी कडाडून लढते. चट्टे मोजके राहतात, जिवाणू शोधूनही क्वचितच सापडतात. दुसऱ्या टोकास शरीर जणू निमूट बसते. त्वचेत आणि मज्जातंतूंत कोट्यवधी जिवाणू वाढत राहतात. त्या रुग्णाच्या शरीराची इतर रोगांशी लढण्याची शक्ती शाबूत असते; फक्त याच एका शत्रूपुढे ते स्वस्थ राहते. गावाबाहेर हाकलल्या जाणाऱ्या, बोटे झडलेल्या माणसांच्या दुःखामागे शरीराचे हे गूढ मौन होते.

खानोलकरांनी कुष्ठरोग आणि मज्जातंतू यांच्या संबंधाचा सखोल अभ्यास केला होता. हा जिवाणू मज्जातंतूंच्या पेशींत वास करतो, तर त्याच पेशी त्याला खाद्य म्हणून का देऊ नयेत, असा विचार परळच्या प्रयोगशाळेत पुढे आला. तेथे कमलताईंचे ऊतिसंवर्धनाचे तंत्र कामास आले. मानवी भ्रूणाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागुच्छांतील पेशी संवर्धित करून त्यांत रुग्णाच्या गाठीतील जिवाणू सोडण्यात आले. त्यातून वाढलेल्या जिवाणूंची माहिती बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. केंद्राच्या नावावरून तो ‘आय.सी.आर.सी. बॅसिलस’ झाला.

येथे सत्य जसे आहे तसे सांगणे हाच या संशोधकांचा खरा सन्मान होईल. हा जिवाणू म्हणजे कुष्ठरोगाचाच जिवाणू, ही आशा टिकली नाही. तो त्याच कुळातील, पण वेगळ्या जातीचा असल्याचे पुढील तपासण्यांनी दाखविले. आणि हॅन्सन यांचा जिवाणू आजतागायत कृत्रिम माध्यमात वाढलेला नाही. एखाद्या देशात किंवा एखाद्या संस्थेत कथा येथेच संपली असती. परळला ती संपली नाही. हा जिवाणू कुष्ठरोगाच्या जिवाणूचा नातलग आहे आणि दोघांच्या अंगावरील काही खुणा समान आहेत. तेव्हा नातलगाची ओळख करून दिल्यास शरीर मूळ शत्रूसही ओळखू लागेल काय, हा प्रश्न उरला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मधुकर देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूंपासून लस तयार केली. ज्या रुग्णांचे शरीर कुष्ठरोगाच्या जिवाणूस दाद देत नव्हते, त्यांपैकी अनेकांत या लसीनंतर प्रतिसाद उमटू लागला. मौन काही अंशी सुटले.

दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत चार लसी तपासल्या गेल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आय.सी.आर.सी. लसीचे संरक्षण ६५.५ टक्के आढळले, बी.सी.जी. लसीचे ३४.१ टक्के होते. तोवर अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने कुष्ठरोग झपाट्याने ओसरू लागला होता, आणि लसीची निकड उरली नाही. परंतु सहिष्णू झालेले शरीर पुन्हा जागे करता येते, हा धडा मोलाचा होता. कर्करोगाविरुद्धच्या आजच्या प्रतिकार-उपचारांमागेही हाच विचार आहे.

संचालकपदाच्या काळात कमलताईंनी केंद्रात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग सुरू केले. शरीराची प्रतिकारयंत्रणा समजून घेतल्याखेरीज कर्करोग समजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९६६ सालीच रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र आकारास आले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांवर प्राण्यांच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम दोनशेहून अधिक शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाले. परदेशी शिकणाऱ्या भारतीय संशोधकांनी परत यावे आणि आपली विद्या येथे रुजवावी, यासाठी त्या सतत आग्रह धरीत. त्या आग्रहास वजन होते, कारण त्या स्वतः परतल्या होत्या.

१९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिकही लाभले. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

या सन्मानांइतकेच मोलाचे त्यांचे आणखी एक कार्य आहे. विज्ञानाची पदवी घेणाऱ्या मुली पुष्कळ, पण दहा वर्षांनी प्रयोगशाळेत दिसणाऱ्या स्त्रिया थोड्या, हे त्या रोज पाहत होत्या. बुद्धी कमी पडत नव्हती. राहण्यास सुरक्षित जागा, मूल सांभाळणारे विश्वासाचे हात आणि अडचणीत सल्ला देणारे कोणी, या गोष्टी कमी पडत होत्या. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नुसती भाषणे आणि ठराव यांवर ही संस्था थांबली नाही. नव्या मुंबईत वाशी येथे तिने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. पेशी जगाव्यात म्हणून योग्य माध्यम तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाने स्त्री-संशोधकांसाठीही तेच केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देणे, आहार आणि स्वच्छता यांचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे काम संघटनेमार्फत त्यांनी चालविले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची उपासमार पाहिलेली दृष्टी आता कुपोषित बालकाकडे वळली होती. दोन्हीकडे पद्धत एकच : आधी नीट मोजायचे, नोंदवायचे आणि मग उपाय करायचा. २००१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे जाहीर झाले.

या चरित्राचा आपल्याशी संबंध कोणता? आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज देशोदेशी विखुरले आहेत. जयपुरात संसार थाटलेल्या माझ्यासारख्यांना मायभूमीकडे परत येणे प्रत्यक्षात नेहमीच शक्य होत नाही. परंतु परतणे म्हणजे केवळ गाडीत बसून येणे नव्हे. जे शिकलो त्याचा काही भाग जेथून निघालो तेथे पोहोचविणे, हेही परतणेच आहे. कमलताईंनी बाल्टिमोरहून एक तंत्र आणले. आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक सूक्ष्मदर्शक, काही पुस्तके, किंवा वर्षातील दोन दिवस आणू शकतो.

पालकांनी घेण्याजोगी गोष्ट याहून साधी आहे. दिनकरराव समर्थांनी मुलीसाठी एक मार्ग योजिला होता; तिने दुसरा धरला, आणि त्यांनी दिलेले शिक्षण त्या दुसऱ्या मार्गावरही वाया गेले नाही. मुलाने कोणत्या वाटेने जावे हे ठरविण्याची घाई आज फार लवकर होते. त्यापेक्षा कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्याव्यात, दिसले ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहू द्यावे, आणि पहिली काचपट्टी बिघडली तर दुसरी करू द्यावी. एवढी सवय शाळेने आणि घराने मिळून लावली, तर पायाचे काम झाले असे समजावे.

— एक माजी विद्यार्थी, जयपूर